चौथ्या आणि पाचव्याच्या मधली दोन वर्षं

मेडिकलच्या चौथ्या आणि पाचव्या वर्षाच्या मध्ये मी दोन वर्षं बाहेर होते. ‘बाहेर’ हा शब्द बाबांचा. सुट्टीच्या दिवशी ते स्वयंपाकघरात खाली बसून हॉटेलातल्या सुऱ्यांना धार लावतात. मी समोर जाऊन बसले आणि सांगितलं, की आमच्या विद्यापीठात एक नवीन सोय झाली आहे. चौथं वर्ष संपलं की डॉक्टरकी थांबवायची, दोन वर्षं बिझनेस स्कूलमध्ये जायचं, तिथली पदवी घ्यायची आणि मग परत पाचव्या वर्षात, म्हणजे वॉर्डात, यायचं. त्यांचा हात दगडावर थांबला.

"नापास झालीस का?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही हो बाबा."

"झाली असलीस तर सांग. मी काही बोलणार नाही. मी स्वतः आठवीत दोनदा बसलोय."

"नाही झाले. उलट निवडलंय मला. वर्गातून दोघांनाच."

"मग बाहेर का काढतायत?"

त्यांनी हॉटेलात काय सांगितलं ते मला माहीत नाही. पण पुढे महिनाभर त्यांच्याबरोबरचे आचारी भेटले की माझ्याशी फार मायेनं बोलायचे. एकानं तर "होतं असं, पुढच्या खेपेला जोर लावा" म्हणून गुलाबजामचा डबा हातात ठेवला. मी तो घेतला. नाही कसं म्हणणार?

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. बाबा कराडजवळ हायवेवरच्या एका हॉटेलात आचारी होते. मग जपानात मोठा भूकंप झाला आणि त्यानंतर तोक्योतले कितीतरी आचारी घाबरून आपापल्या गावी निघून गेले. तिथल्या निशी-कसाई भागातल्या एका भारतीय हॉटेलाच्या मालकाला माणूस हवा होता, कोणीतरी बाबांचं नाव सांगितलं आणि बाबा गेले. वर्षभरानं आई आणि मी आलो. मी पाचवीत होते. शाळेत प्रत्येकाच्या खुर्चीला एक जाड उशी अडकवलेली असे; जमीन हलली की ती डोक्यावर टोपीसारखी घालायची. पहिले काही महिने मला भाषा येत नव्हती. मी ती उशी पाठीशी घेऊन बसून राहायचे आणि सगळं पाण्याखालून ऐकल्यासारखं ऐकायचे. अजूनही तो काळ आठवला की आवाज आधी आठवत नाहीत, उजेड आठवतो. मोठ्या खिडक्यांतून येणारा, कोणाच्याच अंगावर न ओरडणारा उजेड.

आम्ही ओजिमातल्या एका सरकारी वसाहतीत राहतो. लांबलचक इमारती, प्रत्येक मजल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उघडी गॅलरी. तळमजल्यावर एका म्हाताऱ्या डॉक्टरांचा दवाखाना होता. काउंटरवर त्यांची बायको बसायची. डॉक्टरांना मी सेन्सेई म्हणायचे, सगळेच म्हणायचे; इथे डॉक्टरांना आणि शिक्षकांना तसंच म्हणतात. वसाहतीतल्या मराठी काकूंच्या आधी मला जपानी बोलता यायला लागलं, म्हणून शाळा सुटली की त्या मला दवाखान्यात घेऊन जायच्या. माझं दप्तर पाठीवर, पाय स्टुलावरून लोंबकळत, आणि मी सांगतेय की काकूंचं डोकं डाव्या बाजूनं दुखतं. सेन्सेई माझ्याशी लहान मुलीशी बोलतात तसं बोलले नाहीत. ते ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "तुला काय वाटतं?" मला काहीच वाटत नसे. पण घरी जाताना वाटायला लागायचं. मी डॉक्टर व्हायचं ठरवलं ते नक्की कधी हे मला सांगता येणार नाही. पण त्या स्टुलावर कधीतरी, एवढं खरं.

चौथ्या वर्षाच्या शरदात एकदा मी बाबांची रक्तदाबाची औषधं आणायला गेले, तेव्हा सेन्सेईंच्या बायकोनं पावती देता देता सांगितलं, की ते ऐंशीचे झाले, मुलगा दूर इंजिनियर आहे, आणि अडीच वर्षांनंतरच्या मार्चपर्यंत कोणी चालवायला घेतलं नाही तर दवाखाना बंद करणार. त्यांनी ते पाऊस येणार आहे असं सांगावं तसं सांगितलं. मी औषधं घेऊन बाहेर आले आणि गॅलरीत बराच वेळ उभी राहिले. त्याच आठवड्यात बिझनेस स्कूलच्या सोयीची नोटीस लागली होती. अर्जात मी ‘आरोग्यव्यवस्थेचं भवितव्य’ वगैरे लिहिलं. खरं कारण एवढंच होतं. दवाखाना बंद पडू नये म्हणून काय करतात, ते आम्हाला डॉक्टरकीत कोणी शिकवलं नव्हतं. माणूस कशानं मरतो ते शिकवलं होतं. दवाखाना कशानं मरतो ते नाही.

ते पहिले काही महिने स्वप्नासारखेच होते. वर्गात सगळे माझ्याहून दहा-पंधरा वर्षांनी मोठे. कोणी औषध कंपनीतले, कोणी रेल्वेतले, एक बाई तर बाहुल्यांच्या कारखान्याची मालकीण. सगळे पहिल्या दिवशी दोन्ही हातांनी एकमेकांना कार्डं देत होते आणि माझ्याकडे कार्डच नव्हतं. मी वही पुढे केली आणि म्हटलं, यात लिहा. ते हसले, पण लिहिलं. बाहुल्यांच्या बाईंनी खाली एक छोटी बाहुलीही काढली.

डॉक्टरकी विसरायला नको म्हणून येता-जाता ट्रेनमध्ये मी जुन्या वह्या वाचायचे. आमची लाइन ओजिमापर्यंत जमिनीखालून जाते आणि पुढच्या स्टेशनाशी एकदम वर येते. ते स्टेशन नदीवर आहे, पुलावरच. विद्यापीठ उलट्या दिशेला. तरीही कधीकधी मी घराचं स्टेशन मुद्दाम सोडून द्यायचे. गाडी अंधारातून वर यायची, खाली पाणी, पाण्यावर एखादी वल्ह्यांची होडी. हातात मज्जातंतूंची वही, डोक्यात दुपारचा तास. त्या उजेडात दोन्ही एकमेकांत मिसळायचं. हृदयाला चार कप्पे, कंपनीला चार विभाग. कुठून काय आत येतं आणि कुठून बाहेर जातं. मला वाटायचं, मला काहीतरी मोठं कळतंय. दुसऱ्या दिवशी ते कागदावर लिहायला बसलं की काहीच उरलेलं नसे.

आई शेजारणींना सांगायची, "ती डॉक्टरकी आणि दुकानदारी दोन्ही शिकतेय." नवव्या मजल्यावरच्या काकू मला लिफ्टमध्ये भेटल्या की म्हणायच्या, "काय गं डॉक्टरीणबाई, सुई टोचायच्या आधी भाव सांगणार का आता?" या काकू पुण्याच्या. काका एका सॉफ्टवेअर कंपनीत, मुलगा तिसरीत. काकू मराठीत बोलायच्या आणि तो जपानीत उत्तर द्यायचा, आणि दोघांना ते जाणवतही नसे. काकूंना वसाहतीतलं, फुनाबोरीतलं, निशी-कसाईतलं एकूण एक मराठी घर ठाऊक होतं.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकानं एक खरा धंदा घेऊन त्याची योजना लिहायची होती. मी दवाखाना घेतला. तोवर सेन्सेईंना एक डॉक्टर बाई भेटल्या होत्या. चाळिशीच्या, नदीपलीकडच्या एका मोठ्या इस्पितळात काम करणाऱ्या. त्यांना स्वतःचं काहीतरी हवं होतं. त्या एका शनिवारी दवाखाना बघून गेल्या, भिंतीला हात लावून बघितला, आणि मग मला म्हणाल्या, "म्हातारे पेशंट आहेत, पण ते कमी होत जाणार. मला संध्याकाळी आठपर्यंत उघडं ठेवावं लागेल आणि तरुण कुटुंबं यावी लागतील. इथे भारतीय कुटुंबं पुष्कळ दिसतात. ती येतील का? पुढची निदान तीन वर्षं?"

म्हणजे सगळं त्या एका प्रश्नावर येऊन थांबलं. मी म्हटलं, मी विचारून सांगते.

मी फॉर्म तयार केला, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत. संध्याकाळची वेळ ठेवली तर तुम्ही याल का? मुलांना आणाल का? पुढची तीन वर्षं याल का? आणि दोन महिने मी घरोघरी हिंडले. काकू पहिली दहा घरं माझ्याबरोबर आल्या. पोहे, चिवडा, बेसनाचे लाडू, चहा, परत चहा. प्रत्येक घरी तेच.

"अगं, येणार म्हणजे काय! आम्हाला तर बरंच आहे."

"नक्की येऊ. तू असशील ना तिथे? मग तर झालंच."

"विचारायचं काय त्यात? आण इकडे, कुठे सही करायची?"

मी संध्याकाळी पोट भरून, फॉर्म छातीशी धरून घरी यायचे. त्या दिवसांत मला झोपेतही दवाखाना दिसायचा. दिवे लागलेले, बाकांवर मुलं, दारापाशी छोट्या छोट्या चपला, आणि आत मी पांढऱ्या कोटात, पण कोटाला खिसेच खिसे, प्रत्येक खिशात एकेक फॉर्म. सत्तरच्या वर फॉर्म जमले. सगळ्यांवर ‘हो’. मी त्यांचे तक्ते केले, रंग दिले, अहवाल लिहिला. एक प्रत आमच्या सरांना दिली, एक डॉक्टर बाईंना. डॉक्टर बाईंनी दोन दिवसांनी कळवलं की वाचलं, फार उपयोग झाला, फेब्रुवारीच्या दुसऱ्या शुक्रवारी सेन्सेईंबरोबर बसून सह्या करू.

सर मात्र वेगळंच बोलले. ते शिकवायच्या आधी बरीच वर्षं किराणा दुकानांची साखळी चालवत होते. वर्गात त्यांनी माझा अहवाल उलटसुलट केला आणि विचारलं, "नाही कोण म्हणालं?"

"कोणीच नाही, सर."

"एकही नाही?"

"नाही."

"मग तू अजून विचारलेलं नाहीस," ते म्हणाले आणि पुढच्याचा अहवाल घेतला.

मला राग आला. मला वाटलं, यांना आपली माणसं काय माहीत. आपल्याकडे असं असतं, माणसं माणसाला धरून असतात. राग दोन-तीन दिवस टिकला. मग जानेवारीच्या शेवटी एका सकाळी मी कचरा टाकायला खाली गेले.

इथे मोठं सामान असंच टाकता येत नाही. आधी फोन करून नंबर घ्यायचा, दुकानातून स्टिकर आणायचा, त्यावर नाव किंवा नंबर लिहायचा, तो सामानावर चिकटवायचा आणि ठरलेल्या दिवशी खाली ठेवायचं. त्या सकाळी कचऱ्याच्या जागेशी एक लहान मुलाचं अभ्यासाचं टेबल होतं. टेबलावर पेन्सिलीनं गिरवलेलं एक कात्रीसारखं काहीतरी, आणि बाजूला स्टिकर. स्टिकरवर नवव्या मजल्यावरच्या काकूंचं आडनाव. शेजारी गादीचा पलंग. तोही त्यांचाच. सकाळचं धुकं होतं, इमारतींचे वरचे मजले दिसत नव्हते, आणि ते टेबल असं उभं होतं की जणू मुलगा आत्ता उठून पाणी प्यायला गेलाय.

पुढच्या चार-पाच कचऱ्याच्या दिवशी मी वसाहतीतल्या प्रत्येक इमारतीखाली जाऊन आले. कपाट. सोफा. आणखी एक अभ्यासाचं टेबल. मी स्टिकर वाचत होते आणि माझ्या फॉर्मवरची नावं भेटत होती.

मी नवव्या मजल्यावर गेले. काकूंनी दार अर्धंच उघडलं. मागे खोकी दिसत होती.

"काकू, तुम्ही चाललात?"

"हळू बोल!" त्यांनी मला आत ओढलं. "कुणी सांगितलं तुला?"

"टेबल बघितलं खाली."

"मेलं ते टेबल. यांना म्हटलं होतं, स्टिकरवर नंबर लिहा, नाव कशाला." त्यांनी खुर्चीवरची खोकी काढून मला बसवलं. "हे बघ, कुणाला बोलू नकोस हं. मार्चमध्ये जातोय, कायमचं. पण तिकिटं हातात पडेपर्यंत कुणाला सांगायचं नाही. गेल्या वेळी सांगितलं होतं सगळ्यांना, आणि शेवटच्या आठवड्यात कंपनीनं मुदत वाढवली. निरोपाच्या साड्या घेऊन बसले होते मी, दोन वर्षं! तोंड दाखवायची सोय नव्हती."

"कधी ठरलं?"

"दिवाळीच्या आधीच."

मी फॉर्म घेऊन त्यांच्याकडे दिवाळीनंतर गेले होते.

"मग तुम्ही ‘येऊ’ का लिहिलंत?"

"अगं, तू विचारत होतीस!" काकूंना खरंच आश्चर्य वाटलं. "दारात आलीस, एवढीशी असल्यापासून बघतेय तुला, आणि तुझ्या तोंडावर नाही म्हणू? आणि राहिलो असतो तर आलोच असतो की! खोटं काय लिहिलं मी?"

त्यांनी मला चहा दिला, आणि मी प्यायले.

घरी आई पोळ्या लाटत होती. वसाहतीतल्या वीस-पंचवीस घरांना ती रोज पोळ्या देते. नोकरी करणाऱ्या बायका संध्याकाळी येऊन घेऊन जातात. मी तिला सांगितलं, नवव्या मजल्यावरच्या काकू जाणार.

"हो, मार्चमध्ये," आई म्हणाली. पोळी उलटली.

"तुला माहीत होतं?"

"फेब्रुवारीपासून पोळ्या नको म्हणाल्या. पाहुणे येणार म्हणाल्या. पाहुणे आले तर पोळ्या वाढतात, कमी होतात का? समोरच्या इमारतीतलं जोडपं पण जातंय. तिनं परवा मला तूरडाळ आणून दिली, पाच किलो. कोण देतं उगाच?"

"आई, तू मला बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस का?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तू तुझा फॉर्म घेऊन हिंडत होतीस. मला वाटलं, तुमच्या शिक्षणात असंच करतात."

आई दहावी आहे. सत्तर घरी गेले, आणि माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात नाही गेले. मला त्या क्षणी इतकी लाज वाटली की मी उठून हात धुतले आणि तिच्या शेजारी गोळे करायला बसले. मग मी फॉर्मची फाइल आणली. आई लाटत राहिली आणि मी एकेक नाव वाचत गेले. "हे राहतील, मुलीची शाळा आहे." "हे जाणार." "हिचं काही सांगता येत नाही, नवरा म्हणतो राहू, ती म्हणते जाऊ. लिही, जाणार." शेवटचं नाव झालं तेव्हा पिठाचे हात लागून फॉर्म पांढरे झाले होते, आणि राहणारी घरं निम्म्याहून कमी होती.

रात्री जेवताना बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "त्यांनी सह्या केल्यात ना? मग तुझं काय चुकलं?" मी म्हटलं, बाबा, त्या डॉक्टर बाई इस्पितळाची नोकरी सोडणार आहेत. बाबा घास घेऊन थांबले आणि म्हणाले, "मग सांगायला पाहिजे."

मी तीन दिवस काही केलं नाही. हे लिहिताना सुद्धा मला ते लपवावंसं वाटतं. मी ट्रेनमधून नदीपर्यंत जायचे आणि परत यायचे. पाणी राखाडी होतं. मनात म्हणायचे, कदाचित नवीन कुटुंबं येतील. एक जातं, एक येतं. कदाचित आईचं चुकत असेल. मी गप्प राहिले तर शुक्रवारी सह्या होतील, दवाखाना उघडा राहील, आणि कोणी मला कधीच विचारणार नाही.

गुरुवारी दुपारी मी नदीपलीकडच्या इस्पितळात गेले. डॉक्टर बाई जेवणाच्या सुट्टीत खाली आल्या. आम्ही बागेतल्या बाकावर बसलो. मी नवीन यादी दिली आणि सगळं सांगितलं, पोळ्यांसकट. त्या यादी वाचत होत्या आणि त्यांचा अंगठा प्रत्येक ओळीवरून सावकाश खाली येत होता.

"ही यादी कोणी केली?"

"माझ्या आईनं."

"पहिल्या यादीपेक्षा चांगली आहे," त्या म्हणाल्या. समोर एक माणूस सलाइनची दांडी ढकलत उन्हात चालला होता. "उद्या मी सही केली असती," त्या म्हणाल्या. "राजीनाम्याचं पत्र लिहून ठेवलंय." त्या उठल्या, वाकल्या, आणि मी वाकले त्याहून जास्त वेळ वाकून राहिल्या. मला उत्तर कळलं.

सेन्सेईंना मीच सांगायला हवं होतं. ते तपासणीच्या पलंगावरचा कागद बदलत होते. मी उभ्या उभ्या सांगितलं. माझी चूक, डॉक्टर बाईंचा नकार, सगळं. ते कागद ओढून नीट करत होते, आणि मी वाट बघत होते की ते म्हणतील, असू दे. तसं ते म्हणाले नाहीत.

"किती कुटुंबं जाणार?"

"निम्म्याहून जास्त."

"मार्चमध्येच?"

"हो."

"मग त्यांची औषधं?" ते म्हणाले. "तिकडच्या डॉक्टरला काय माहीत, मी काय देत होतो? पत्रं द्यायला हवीत. इंग्रजीत." ते खुर्चीत बसले आणि ड्रॉवर उघडून कोरे कागद शोधायला लागले. "तुझं इंग्रजी कसं आहे?"

मी त्या नावांकडे दोन महिने बघत होते. येणारे आणि न येणारे, एवढंच मला दिसलं होतं.

आम्ही दारावर मराठीत आणि इंग्रजीत कागद लावला: परत जाणाऱ्यांना तपासणीचं पत्र मिळेल, दर गुरुवारी संध्याकाळी, कोणालाही कळणार नाही. पहिल्या गुरुवारी दोघं आले. दुसऱ्या गुरुवारी बाकं भरली. जिला समोरच्या इमारतीतून येताना मी पाहिलं तिनं मास्क नाकाच्या वर ओढला होता. दोन काकू आत शिरताना एकमेकींना धडकल्या.

"अगं बाई, तुम्ही?"

"सर्दी झालीय जरा. तुम्ही?"

"मलाही सर्दीच."

दोघी शेजारी बसल्या, आणि कोणीच शिंकलं नाही. थोड्या वेळानं एकीनं विचारलं, "कितीची फ्लाइट?" आणि मग दोघी इतक्या हसल्या की सेन्सेईंची बायको काउंटरवरून उठून बघायला आली. संध्याकाळचा दवाखाना असाच दिसेल असं मला वाटलं होतं. दिवे, मुलं, चपला. सहा गुरुवार तो तसा दिसला.

सेन्सेई जपानीत सांगायचे, मी इंग्रजीत लिहायचे. कधी ते मध्येच थांबून विचारायचे, हे औषध का बदललं असेन मी? मी जुनी पानं उलटून सांगायचे. पाचव्या वर्षात वॉर्डात जे शिकवतात त्यातलं थोडं मी तिथेच शिकले असं मला वाटतं. निदान एका माणसाचं एका पानात काय मावतं आणि काय मावत नाही, एवढं तरी. बिझनेस स्कूलला मी अहवाल बदलून दिला. शेवटी लिहिलं, दवाखाना मार्चमध्ये बंद होत आहे. सरांनी पास केलं आणि आईची यादी परिशिष्टात जोडायला सांगितली.

शेवटच्या गुरुवारी नवव्या मजल्यावरच्या काकू आल्या, सगळ्यात उशिरा, साडेसातला. त्यांना थायरॉइडची गोळी चालू होती. मुलाच्या दम्याचं पत्र आधीच झालं होतं. तो बाहेर सेन्सेईंच्या बायकोशी जपानीत काहीतरी वाद घालत होता.

"कोणाला लिहायचं पत्र, काकू? पुण्यात कोणाकडे जाणार?"

"अजून कुठे ठरलंय. मोकळं ठेव."

मी वरची ओळ मोकळी ठेवली. सेन्सेईंनी गोळीचं नाव आणि ताकद सांगितली. मी लिहिली.

"रोज सकाळी, उपाशीपोटी," सेन्सेई म्हणाले. "विचार त्यांना."

"काकू, गोळी रोज घेता ना?"

"हो तर. रोज."

मी पेन उचललं नाही. काकूंकडे बघत राहिले. बाहेर सेन्सेईंच्या बायकोनं रॉकेलच्या शेगडीवरची किटली उतरवल्याचा आवाज आला. काकूंनी पर्सचा बंद एकदा या हातात घेतला, एकदा त्या हातात.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "मंगळवारी नाही घेत. उपवास असतो ना. आणि चतुर्थीला."

"आणि?"

"आणि एकादशीला. बास. डॉक्टरांना सांगू नकोस, अगं. सात वर्षं एवढं बघितलंय त्यांनी माझं, वाईट वाटेल त्यांना."

"काय म्हणाल्या?" सेन्सेईंनी विचारलं.

मी काकूंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, सांग म्हणून. मी सेन्सेईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि जुनं कार्ड पुढे ओढून सात वर्षांचे आकडे एकेक करून बघितले, वर गेलेले, खाली आलेले, दर वेळी त्यांनी गोळीची ताकद बदललेली. मग ते हसायला लागले, आवाज न करता, खांदे हलवत.

"लिही," ते म्हणाले. मी लिहिलं.